वॉर्डातल्या मास्तरीणबाई

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, वाणगाव, मनोर, सफाळे, जिथे कुठे रेडिओ लावून बसला असाल तिथल्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या, आणि भाकरी थापता थापता अर्धा कान इकडे ठेवलेल्या सुना, सगळ्यांना आम्हा बचत गटाच्या बायांचा नमस्कार.

दर वेळी आम्ही बचतीचं, कर्जाचं, हप्त्याचं बोलतो. आज बोलणार आहोत डॉक्टरांच्या शाळेबद्दल. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांच्या शाळेशी आपला काय संबंध? संबंध असा, की ही शाळा नुसती कॉलेजच्या वर्गात भरत नाही, ती आपल्या खाटेभोवती भरते. फळा नसतो, खडू नसतो. पुस्तकाच्या जागी आपलं पोट असतं, आपल्या बाळाची छाती असते. आणि शिकवणारी बहुतेक वेळा पांढऱ्या केसांची मोठी मॅडम नसतेच. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी असते, केस कसेबसे वर बांधलेले, डोळे झोपेने जड.

आपल्याकडून मुंबईला पेशंट घेऊन जाणं काही नवीन नाही. डहाणूची लोकल २०१३ साली सुरू झाली, पण त्याआधीही शटल होती, एक्स्प्रेस होती. बोईसरहून निघायचं आणि मुंबई सेंट्रलला उतरून नायरला, नाहीतर जेजेला जायचं. दादरला उतरलं तर परळला केईएम. गटातल्या कुणाची सून अडली, कुणाचा नवरा एमआयडीसीत भाजला, कुणाच्या आईच्या पोटात गाठ निघाली की सोबतीला दोघी जणी जातातच. एवढ्या वर्षांत आमच्या गटांतल्या बायांनी मुंबईच्या वॉर्डात, खाटेखाली चटई टाकून, किती रात्री काढल्या त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. त्या रात्रींमध्ये जे दिसलं, ते आज सांगायचं आहे.

आधी ही शिडी समजून घेऊ, कारण आपण सगळ्यांनाच सरसकट ‘डॉक्टर’ म्हणतो. बारावीनंतर मुलगी एमबीबीएसला जाते. साडेचार वर्षं शिकते, मग एक वर्ष इंटर्न म्हणून काम करते. वॉर्डात रक्त काढणारी, रिपोर्ट आणायला पळणारी, सलाइन लावताना हात थरथरणारी ती इंटर्न. त्यानंतर परीक्षा देऊन ती एखाद्या विषयात एमडी किंवा एमएस करायला लागते, म्हणजे स्त्रीरोग, बालरोग, शस्त्रक्रिया असं काही. ती तीन वर्षं ती निवासी डॉक्टर असते. हॉस्पिटलच्या भाषेत जेआर वन, जेआर टू, जेआर थ्री. निवासी म्हणजे तिथेच राहणारी. हा शब्द अगदी खरा आहे, ती खरोखर तिथेच राहते. तिच्या वर सीनियर रेसिडेंट, मग लेक्चरर, मग प्राध्यापक, म्हणजे सकाळी राऊंडला येणारे मोठे सर.

मोठे सर खाटेपाशी पाच मिनिटं थांबतात, नेमकं सांगतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे साठ खाटा असतात. पण उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं? तेव्हा जेआर थ्री जेआर टूला सांगते, जेआर टू जेआर वनला, जेआर वन इंटर्नला, आणि इंटर्न मागे घोळका करून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना. ही साखळी आहे. आपल्या आजारपणाचा बराचसा निर्णय वर होतो, पण आपल्या अंगाला लागणारा हात खालच्या कड्यांचा असतो. त्या हाताला कुणी, कसं शिकवलं, यावर आपलं दुखणं-खुपणं ठरतं.

गंमत म्हणजे शिकवणं हे निवासी डॉक्टरचं काम आहे असं नियमांतच लिहिलेलं आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या आणि इंटर्नच्या शिकवण्यात भाग घ्यायचा, हा जुना नियम आहे. पण त्यासाठी दिवसाचा वेगळा तास ठेवलेला आम्ही तरी पाहिला नाही. ओपीडी, ऑपरेशन, कागद, रक्ताची पिशवी, पोलीस केस, हे सगळं करून उरलेल्या वेळात शिकवायचं. निवासी डॉक्टरांनी एका वेळी बारा तासांहून जास्त सलग काम करू नये आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास धरावेत, असं केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या योजनेत म्हटलेलं होतं. ज्या बाईने वॉर्डात तीन रात्री काढल्यात तिला विचारा, सोमवारी सकाळी दिसलेली डॉक्टर मंगळवारी संध्याकाळी त्याच कपड्यांत दिसली होती की नाही.

आणि तरीही त्या शिकवतात. एक रात्र सांगतो.

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचा लेबर रूम. आमच्या गटातल्या एका ताईची सून, पहिलटकरीण, कळा देत पडलेली. जेआर टू असावी अशी एक डॉक्टर आणि तिच्या बाजूला एक विद्यार्थिनी, पहिल्यांदाच आलेली. डॉक्टरने आधी सुनेला सांगितलं, “ताई, ही माझ्याकडे शिकतेय. हिने तुमच्या पोटावर हात ठेवला तर चालेल? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.” सुनेने मान हलवली. मग डॉक्टरने विद्यार्थिनीचा हात आपल्या हातात घेतला, पोटाच्या वरच्या बाजूला सपाट ठेवला आणि म्हणाली, “दाबू नकोस. नुसता ठेव. आता थांब.”

आम्ही सगळे थांबलो. थोड्या वेळाने पोट घट्ट होत आलं. “आली बघ कळ. घड्याळ बघ.” ती कळ किती सेकंद टिकली ते मोजायचं. दहा मिनिटांत अशा किती आल्या ते मोजायचं. दहा मिनिटांत तीन-चार कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांच्या पुढे, तर बाळंतपण नीट चाललंय. मग बाळाचे ठोके, मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठच्या मधे. ते सगळं एका छापील कागदावर टिंबं काढून मांडायचं. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. रेघ एका ठरावीक रेषेच्या पलीकडे सरकली की वरच्या डॉक्टरला बोलवायचं. डॉक्टर म्हणाली, “मशीन बंद पडेल, लाइट जाईल. हा हात बंद पडता कामा नये. उद्या तू एखाद्या पीएचसीत एकटी असशील.”

पीएचसी म्हटल्यावर आमचे कान टवकारले. पीएचसी म्हणजे आपल्याकडचं. आपल्या पाड्यावरच्या बाईला पुढे हाच हात मिळणार होता.

बाळ झालं, मुलगी, रडली छान. त्यानंतर जे शिकवलं ते तर आमच्याही कामाचं. बाळंतीण झाल्यावर गर्भाशय आकसून बेंबीच्या खाली घट्ट चेंडूसारखं लागलं पाहिजे. मऊ लागलं तर आतून रक्त जात असू शकतं. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं की धोका, आणि कपड्यात, चादरीत मुरलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटतं. म्हणून कापड मोजायचं, अंदाज बांधत बसायचं नाही. डॉक्टर हे विद्यार्थिनीला सांगत होती, पण सासूकडे बघून आवाज जरा मोठा केला होता. सासूने नंतर गावी आल्यावर गटाच्या बैठकीत हे जसंच्या तसं सांगितलं. एका वाक्यात तिघींना शिकवलं त्या पोरीने, आणि पहाटेचे चार वाजले होते.

आता दुसरी गोष्ट, भाषेची. सरकारी कॉलेजात एमडी-एमएसच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. म्हणजे समोरची डॉक्टर केरळची असेल, राजस्थानची असेल. विदर्भातली असली तरी तिला आपल्याकडची बोली कळेलच असं नाही. आपण सांगतो, “पाणमोट फुटली,” “अंगावर जातंय,” “जीव घाबरा होतो,” “पोटात कळ मारते.” ती बघत राहते. तेव्हा आम्ही पाहिलंय, मागे उभी असलेली इंटर्न किंवा आया पुढे होते आणि सांगते. मग ती डॉक्टर वहीच्या कडेला लिहून घेते. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी. साखळी उलटी फिरली. खालचीने वरचीला शिकवलं. जी डॉक्टर हे हसून घेते तिच्या हाताखालच्या मुली मोकळ्या बोलतात. जी म्हणते “मला शिकवू नकोस”, तिच्या हाताखालच्या मुली गप्प होतात, आणि गप्प मुलींच्या वॉर्डात आपला पेशंट असला तर आपल्याला भीती वाटायला हवी.

का, ते नीट सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

रात्रीचे तीन वाजलेत. इंटर्नला किंवा जेआर वनला वाटतंय, या बाईची नाडी फार जलद चाललीय, रंग उतरलाय. वरच्या डॉक्टरला फोन करावा का? ती दोन तासांपूर्वी झोपायला गेलीय. मागच्या वेळी फोन केला तेव्हा ती सगळ्या वॉर्डासमोर ओरडली होती, “एवढंही कळत नाही? कशाला आलीस मेडिकलला?” आता ही मुलगी काय करेल? विचार करेल, अजून अर्धा तास बघू. तो अर्धा तास आपल्या बाईचा असतो. शिकवणारीने केलेल्या अपमानाची किंमत शिकणारीपाशी थांबत नाही, खाटेवरच्या बाईपर्यंत येते.

आपल्या गटात हे वेगळं आहे का? नवीन बाई लेखापाल झाली की पहिले सहा महिने वहीत चुका होणारच. जमेच्या रकान्यात नावे, व्याजाचा आकडा मुद्दलात. अनुभवी सीआरपीने सगळ्यांसमोर वही आपटली, तर पुढच्या वेळी ती बाई चूक विचारत नाही, खोडरबर घेते. आणि खोडलेल्या वहीचा गट दोन वर्षांत मोडतो. हे आम्ही तारापूरच्या पट्ट्यातही पाहिलंय आणि वर मनोरकडेही. उलट जी सीआरपी बाजूला बसून म्हणते, “हा आकडा मला समजला नाही, सांग बरं कसा आला,” तिच्या गटाची चूक त्याच दिवशी सापडते. वॉर्डातही शिकवण्याची रीत हीच लागते. आधी विचारायचं, तुला काय वाटतं? मग, तसं का वाटतं? मग बरोबर होतं ते सांगायचं, आणि चुकलेलं एकच, पण स्पष्ट सांगायचं. हे दोन मिनिटांत होतं. ओरडायलाही दोनच मिनिटं लागतात.

सर्जरीच्या वॉर्डांत एक जुनी म्हण चालते म्हणतात, एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा. ऐकायला बरी वाटते, पण आम्हा बायांना ती पटत नाही. पापड लाटायलासुद्धा एकदा बघून येत नाही. मधे कुणीतरी हात धरावा लागतो.

या साखळीत काय वाईट घडू शकतं तेही बोललं पाहिजे. डॉ. पायल तडवी हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. जळगाव जिल्ह्यातली, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी. नायर रुग्णालयाच्या कॉलेजात स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आपलं जीवन संपवलं. तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, आरोपपत्र दाखल झालं, प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाचं काम न्यायालय करेल, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण आपल्या जिल्ह्यात वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. जव्हार-विक्रमगडच्या आश्रमशाळेतून शिकलेली एखादी मुलगी उद्या डॉक्टर व्हायला मुंबईला जाईल. ती बायकांची बाळंतपणं करायला शिकायला जाईल, अपमान गिळायला नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. घरच्यांनी हे माहीत करून घ्यावं, आणि मुलगी फोनवर “ठीक आहे” म्हणाली की आवाज ऐकावा, शब्द नाही. जीव नकोसा वाटतोय असं कुणी बोललं, तर ‘होईल सवय’ म्हणू नका. त्याच दिवशी जाऊन भेटा, आणि तिला एकटीला ठेवू नका.

आता जरा आपल्या बाजूकडे वळू. या शाळेत आपणही आहोत. आपण तर पुस्तकच आहोत की!

गरीब माणसाच्या अंगावरच डॉक्टर शिकतात, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे, आणि ती खोटी नाही. मोठ्या खासगी हॉस्पिटलात पैसे भरलेल्या बाईच्या खाटेभोवती बारा विद्यार्थी उभे राहत नाहीत. आपल्याभोवती राहतात. पडदा न ओढता पोट उघडं करतात, आपल्यासमोर आपल्याबद्दल इंग्रजीत बोलतात, आणि ‘ही केस’ म्हणतात. असं घडलं की बाई गावी येऊन सांगते, मेले तरी परत मुंबईला जाणार नाही. आणि पुढच्या बाळंतपणाला ती खरंच जात नाही. एका वॉर्डात पडदा ओढला गेला नाही, त्याचा परिणाम शंभर किलोमीटरवरच्या पाड्यात दिसतो.

म्हणून हे लक्षात ठेवा. विद्यार्थ्याने तपासण्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे. तुम्ही नाही म्हणू शकता, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाही. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथे दुसरी बाई हजर असली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात हे स्पष्ट आहे. पडदा मागा. “मला मराठीत सांगा” म्हणा. भांडून नाही, सरळ आवाजात.

पण त्याच वेळी दुसरंही सांगतो, आणि हे काहींना आवडणार नाही. सगळ्यांनी नाही म्हटलं तर पुढची डॉक्टर शिकणार कुठे? आपल्या पीएचसीला जी येणार आहे ती आधी कुठेतरी कुणाच्या तरी पोटावर हात ठेवूनच येणार आहे. ‘शिकाऊ आहे, हिला हात लावू देऊ नका’ असं नातेवाईक ओरडतात, कधी कधी हातही उगारतात. डॉक्टरांवर हात उगारणं हा गुन्हा आहे, त्यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे. कायद्याचं सोडा, ती पोर तुमच्या मुलीच्या वयाची असते. शिकाऊ असणं ही शिवी नव्हे. विचारायचं ते एवढंच, “तुमच्या मागे मोठं कुणी उभं आहे ना?” शिकाऊ हात आणि त्यामागे जागी असलेली शिकवणारी, इतकं असलं तर आमची हरकत नाही. शिकाऊ हात एकटा असेल तर मात्र मोठ्या डॉक्टरला बोलवा म्हणून हट्ट धरा. सुनेच्या त्या बाळंतपणात आम्हाला विश्वास वाटला तो डॉक्टरच्या ज्ञानामुळे कमी आणि विद्यार्थिनीच्या हातावर तिचा हात होता म्हणून जास्त.

मुंबईचं झालं. पण ही शाळा आता आपल्या दारातही येते. खरं तर पालघरला ती जुनीच आहे. जेजे रुग्णालयाच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र पालघरला आहे. तिथे इंटर्न राहायला येतात आणि समाजाच्या आरोग्याचा विषय घेतलेले निवासी डॉक्टर त्यांना घेऊन गावात हिंडतात. पालघर स्टेशनजवळ पाठीवर सॅक, हातात वडापाव आणि चेहऱ्यावर ‘कुठे येऊन पडलो’ असे भाव असलेली पोरं दिसली तर बहुधा तीच.

शिवाय राष्ट्रीय पातळीवर दोन गोष्टी झाल्या. २०२० साली नियम आला की एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करायचं. आणि २०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासूनच गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. त्यांच्या घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, वजन घ्यायचं आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्यांची विचारपूस ठेवायची. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर ही रीत फार आधीपासून आहे. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि शिबिरासाठी त्या गावात जाऊन राहते.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते बरोबर येणाऱ्या निवासी डॉक्टरवर अवलंबून असतं. पाड्यावर आलेल्या दोन तुकड्या आम्ही पाहिल्या. पहिल्या तुकडीतली डॉक्टर गाडीजवळच थांबली आणि पोरांना म्हणाली, “फॉर्म भरून आणा, एक तासात निघायचंय.” पोरं दारात उभी राहून विचारत होती, घरात किती माणसं, संडास आहे का, पाळी नियमित येते का. सासऱ्यासमोर! बायांनी काय उत्तर दिलं असेल? सगळ्यांनी सांगितलं, सगळं बरं आहे. फॉर्म भरले, गाडी गेली.

दुसऱ्या तुकडीबरोबर आलेला एक मुलगा, निवासी डॉक्टरच, चपला बाहेर काढून ओटीवर टेकला. पाणी दिलं ते प्यायला. त्याची पोरं त्याच्याकडे बघत होती आणि एकेकाने चपला काढल्या. तो आधी भाताबद्दल बोलला, मग विटभट्टीवर कोण कोण जातं ते विचारलं, दिवाळीनंतर घर बंद असतं का, मुलं बरोबर जातात का, तिथे लस कोण देतं. पाळीचं त्याने काढलंच नाही. दोन मुलींना सांगितलं, तुम्ही मागच्या दारी बायांशी बोला. बाहेर पडल्यावर वाटेत त्याने पोरांना विचारलं, “या घरात आजारी कोण आहे?” पोरं म्हणाली, कुणीच नाही. तो म्हणाला, “म्हातारी बोलताना दोनदा थांबून श्वास घेत होती. चुलीजवळ बसते. आणि सून चढावर घागर घेऊन आली तेव्हा तिच्या पापण्या पांढऱ्या होत्या. परत जाऊ.” ते परत आले. सुनेचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला लावलं. आम्ही मागे चालत होतो म्हणून हे ऐकलं.

आपल्या भागात असं पाहायला शिकणं फार गरजेचं आहे. सिकलसेलचंच घ्या. मुंबईच्या ओपीडीत अंग दुखतं म्हणून आलेल्या मुलाला सिकलसेल असेल हे चटकन मनात येणार नाही. आपल्याकडच्या आदिवासी घरातल्या मुलाचे हातपाय थंडीत असह्य दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर ते पहिल्यांदा मनात यायला हवं. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे ज्या निवासी डॉक्टरने इथे तीन महिने काढून पाहिलं, ती उद्या मुंबईला परत जाऊन आपल्या हाताखालच्या इंटर्नला सांगेल, “गाव कुठलं विचार. पालघर म्हणाली तर सिकलसेलची तपासणी लिही.” एवढं एक वाक्य साखळीतून खाली गेलं तरी किती मुलांचं निदान लवकर होईल.

आणि जिल्ह्यात आल्यावर त्या निवासी डॉक्टरला कोण शिकवतं? मोठे सर तर मुंबईत. शिकवते ती वीस-पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेली सिस्टर. शिकवते ती आशाताई, जिला माहीत असतं की पावसात कुठला ओढा भरतो आणि १०८ ची गाडी कुठपर्यंत येते. कासा, डहाणू, जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयांतून पेशंट पुढे पाठवायचा म्हणजे किती तासांचा रस्ता, हे पुस्तकात नाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर बायांना आरोग्याचं काम शिकवलं. पुढे त्याच बाया बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांपुढे उभ्या राहून शिकवू लागल्या. निरक्षर बाई डॉक्टरला शिकवते, हे ऐकून आमच्या एका बैठकीत आधी हशा पिकला. मग एक मावशी म्हणाली, “हसता काय? आपल्या पोरींची बाळंतपणं आधी कोण करत होतं?”

तेव्हापासून आमच्या गटांनी एक ठरवलंय. पाड्यावर विद्यार्थी यायचे कळलं की आधी निवासी डॉक्टरला भेटायचं आणि अर्धा तास मागायचा. त्या अर्ध्या तासात बोलायचं आम्ही, ऐकायचं त्यांनी. यादी तयार आहे, वहीत लिहिलेली. बायांना पाळीचं आणि अंगावर जाण्याचं सासऱ्यासमोर विचारू नका. ‘दारू पितो का’ हे नवऱ्यासमोर विचारू नका, बाई मार खाते. लोहाच्या गोळ्या घेता का असं विचारलं तर सगळ्या हो म्हणतात, डबी दाखवा म्हणा. भगताकडे गेली होती म्हणून ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, भगताकडे मात्र जाईलच. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईला रविवारीच भेटा, इतर दिवशी ती संध्याकाळी सातनंतर येते आणि तिला बोलायला जीव उरलेला नसतो. स्थलांतर करणाऱ्यांना होळीनंतर परत विचारा. आणि फॉर्म भरून झाला की जाताना तपासणीत काय निघालं ते त्या बाईला सांगून जा, कारण आजवर आलेल्या किती जणांनी आमचं वजन नेलं आणि परत काही कळवलं नाही.

यादीत अजून भर घालायची आहे. तुमच्या गावात अशी तुकडी येऊन गेली असेल, किंवा तुम्ही वॉर्डात एखादी चांगली शिकवणारी डॉक्टर पाहिली असेल, तर येत्या शनिवारच्या प्रभागसंघाच्या बैठकीला या आणि सांगा. डॉक्टरचं नाव आठवत नसलं तरी चालेल. तिने काय केलं तेवढं आठवून या.